एका मिनिटास एक प्रश्न

परीक्षा ही वस्तु आमच्या परिचयाची आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. तीस वर्षें आम्ही प्रश्नपत्रिका काढीत, उत्तरपत्रिका तपाशीत आणि परीक्षेच्या दालनांतून येरझारा घालीत आलों आहों. तेव्हां विद्यार्थ्यांस परीक्षेची जी धास्ती वाटते तिच्याकडे आम्ही, वैद्य जसा दुसऱ्याच्या तापाकडे पाहतो तसे, सहानुभूतीनें पण स्वस्थ चित्तानें पाहत असूं. परंतु ज्या परीक्षेंत उत्तीर्ण व्हावयाचें नसून केवळ दुसऱ्याच्या पुढें जावयाचें असतें, तिची जातच निराळी. आमच्या कॉलेजांतील परीक्षेंत चाळीस गुण मिळविणारा विद्यार्थी पेढे वांटतो. या परीक्षेंत शंभरांत ऐंशीं मिळवूनहि मनुष्य रडत घरीं येऊं शकतो. ही गोष्ट आम्हांस नीट समजली ती आमची भाची कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करण्यासाठीं जून महिन्यांत आमच्या घरीं पुण्यास राहावयास आली तेव्हां.

कायद्याच्या शिक्षणाला पूर्वीं दारावर कोणी अडवीत नसे. बी. ए. झालेला आणि पुढें काय करावें हें न सुचलेला मनुष्य सरळ लॉ कॉलेजांत नांव घालीत असे. गाळणी लागावयाची ती शेवटच्या परीक्षेंत, किंवा त्याहूनहि पुढें अशिलांच्या हातून. १९८८ सालीं बंगळूरच्या राष्ट्रीय विधिविद्यालयांत पांच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा पहिला वर्ग भरला, मग त्या धर्तीचीं विद्यालयें ठिकठिकाणीं निघालीं, आणि प्रत्येकाची प्रवेशपरीक्षा वेगळी असल्यामुळें मुलें नि त्यांचे पालक आगगाडीनें देशभर हिंडूं लागलीं. २००८ सालीं सात विद्यालयांनीं मिळून एकच परीक्षा सुरू केली. तिचें लांबलचक इंग्रजी नांव कोणी घेत नाहीं. सर्व जण तिला ‘क्लॅट’ म्हणतात, आणि आमच्या घरांत तर तो शब्द सहा महिने देवाच्या नांवापेक्षां अधिक वेळां उच्चारला गेला. २०२० पासून या परीक्षेंत पाठांतराचे प्रश्न जवळजवळ गेले व साडेचारशें शब्दांपर्यंतचे उतारे आले. डिसेंबर २०२३ पासून प्रश्न १२० आणि वेळ १२० मिनिटें. म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट, आणि उतारा वाचावयाचा तोहि त्याच मिनिटांत. उत्तर चुकल्यास पाव गुण वजा. अशा परीक्षेला शिकवणीचे वर्ग निघणार हें उघडच आहे, आणि त्यांची निंदा करण्याची आपल्याकडे रीत आहे. पण पुण्यानें ती फारशी करूं नये. १८९० मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर खुद्द टिळकांनीं वकिलीच्या परीक्षेस बसणारांसाठीं येथें कायद्याचा वर्ग चालविला होता.

भाचीला कायदा शिकावयाचा होता त्याचें कारण पुस्तकी नव्हतें. आमचे मेहुणे सातारा जिल्ह्यांत शेती करतात. त्यांच्या दोन एकरांच्या बांधावरून चुलतभावांशीं दावा लागला तेव्हां ही मुलगी तिसरीत होती. सुटीच्या दिवसांत तारीख पडली कीं ती बापाबरोबर एस्. टी.नें तालुक्याला जाई, कोर्टाच्या आवारांतल्या लिंबाखालीं दिवसभर बसे, आणि संध्याकाळीं बापाला विचारी, “दादा, आज साहेब काय म्हणाले?” दादांचें उत्तर एकच असे : पुढची तारीख. बारावी होईपर्यंत तिनें हें उत्तर इतक्यांदा ऐकलें कीं, साहेब दुसरें कांहीं केव्हां म्हणतात हें पाहण्याची तिला ईर्षा उत्पन्न झाली. शिक्षण सारें मराठी शाळेंत. क्लॅट मात्र इंग्रजींतच द्यावी लागते. म्हणून तिच्या आईनें तिला एक वर्ष थांबवून इंग्रजी शिकविणाऱ्या भावाच्या स्वाधीन केलें.

सराव-परीक्षा दर रविवारीं दुपारीं होई. पहिल्या खेपेस १२० पैकीं ४१ गुण पडले, दुसऱ्या खेपेस ४८, आणि श्रावणांत एकदम ६६. त्या दिवशीं घरांत शिरा झाला. पुढें ६३, मग ७१. आमच्या पत्नीस तिच्या जिना चढण्याच्या आवाजावरून गुणांचा अंदाज दोन-तीन अंकांच्या आंत करतां येऊं लागला. असें वाटूं लागलें होतें कीं आतां ही चढणच आहे. पण गणपति उठल्यावरच्या रविवारीं ५२ गुण पडले. वाईट परीक्षेपेक्षां चांगल्या परीक्षेनंतरची वाईट परीक्षा मनुष्यास अधिक खचविते. पोरगी जेवली नाहीं. रात्रीं तिनें पिशवी भरली आणि म्हणाली, “मामा, मी गांवीं जातें. तुमच्यावर उगीच भार.” आम्ही धीराचे चार शब्द मनांत जुळवीत होतों, तोंच तिच्या मामीनें पिशवींतले कपडे काढून भिजत टाकले. ओले कपडे घेऊन कोणास जातां येत नाहीं. आमच्या चार शब्दांपेक्षां तो उपाय सरस होता हें मान्य केलें पाहिजे.

त्यानंतरच्या रविवारीं तिला सोबत म्हणून आम्हीहि घड्याळ लावून तिच्यासमोर सराव-परीक्षेस बसलों. वाचकांस हंसूं येईल, पण इंग्रजीच्या चोवीस प्रश्नांत तिला एकोणीस गुण मिळाले आणि आम्हांस सतरा. उतारा एका चांगल्या निबंधकाराचा होता. त्यांतल्या एका वाक्यापाशीं आम्ही थांबलों, तें पुन्हां वाचलें, त्याच्या रचनेचा आनंद घेतला, आणि तेवढ्यांत तिचे तीन प्रश्न होऊन गेले. आम्हांस याचा बिलकुल पश्चात्ताप नाहीं. चांगल्या वाक्यापाशीं थांबूं नये असें शिकविणारें वाचन हें वाचन नव्हे, ती नाकाबंदी चुकवीत पळणें होय. मात्र आम्ही तिला थांबावयास शिकवूं लागलों असतों तर तिचें नुकसान झालें असतें, म्हणून त्या सहा महिन्यांत आम्ही तिला आमच्या धंद्याच्या अगदीं उलट विद्या शिकविली : प्रश्न आधीं पाहावा, उताऱ्यांत लेखकाचें मत कोठें वळतें तेवढें हेरावें, अडलें कीं पुढें जावें. ती विद्या तिनें आमच्यापेक्षां लौकर आत्मसात केली. गणिताचे प्रश्न थोडे, दहा-चौदा, ते तिला सहज येत. चालू घडामोडींसाठीं रोज वर्तमानपत्र चाले, आणि जेवतांना मामीची परीक्षा घेतली जाई.

खरी लढाई झाली ती कायद्याच्या तर्काच्या विभागांत. या विभागास कायद्याचें पूर्वज्ञान लागत नाहीं. उताऱ्यांत एक तत्त्व दिलेलें असतें, पुढें एक हकीकत. तत्त्व हकीकतीस लावून उत्तर काढावयाचें. तें तत्त्व आपणांस पटतें कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. एका सरावपत्रिकेंत तत्त्व होतें तें असें : जो कोणी मालकाच्या परवानगीवांचून दुसऱ्याच्या जागेंत पाऊल टाकतो तो अतिक्रमण करतो, हेतु काय होता हें पाहूं नये. हकीकत अशी कीं, शेजाऱ्याचें मूल त्याच्याच विहिरींत पडलें, घरीं कोणी नव्हतें, आणि एका मुलानें कुंपणावरून उडी मारून त्याला वर काढलें. अतिक्रमण झालें काय? भाचीनें ‘नाहीं’ यावर खूण केली. उत्तरपत्रिकेंत ‘होय’ होतें. पाव गुण वजा.

त्या पाव गुणासाठीं ती रात्रीं अकरापर्यंत आमच्याशीं भांडली. “मग त्यानें काय कुंपणाबाहेर उभें राहून परवानगीची वाट पाहावयाची?” आम्हीं तिला समजाविलें कीं, येथें न्याय काय हा प्रश्नच नाहीं; दिलेलें तत्त्व तूं दिल्याप्रमाणें लावूं शकतेस कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें आहे. न्यायाधीशानेंहि आपल्या मनास वाटेल तो कायदा लावून चालत नाहीं. ती म्हणाली, “तसें आहे तर दादांचा दावा दहा वर्षें ज्यांच्यापुढें चालला त्यांचें काय चुकलें? तेहि दिलेलेंच तत्त्व लावीत असतील.” यावर आम्हांस लगेच उत्तर सुचलें नाहीं, आणि आज लिहितांनाहि एका वाक्यांत बसणारें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. कज्जा लांबणें ही एक गोष्ट आणि तत्त्व कठोर असणें ही दुसरी, असें आम्हीं म्हटलें; तें खरेंहि आहे; पण लिंबाखालीं बसलेल्या मुलीस या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या नसतील.

दुसऱ्या दिवशीं ती स्वतःच शोध करून आली. १८६० च्या दंडसंहितेच्या ८१ व्या कलमांत मोठें अनिष्ट टाळण्यासाठीं, गुन्ह्याचा हेतु नसतां, सद्भावानें केलेल्या कृत्यास संरक्षण आहे, आणि १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं आलेल्या नव्या संहितेंतहि तें कायम आहे, असें तिनें वाचून काढलें होतें. म्हणजे विहिरींतलें मूल कायदेपंडितांस ठाऊक होतें. नव्हतें तें केवळ प्रश्न काढणारास. तिचा राग अर्धा उतरला. आमच्या मतें तिच्या साऱ्या अभ्यासांत महत्त्वाचा दिवस हा. आणि यासाठीं परीक्षेंत गुण मुळींच नव्हते.

याला जोड मिळाली ती दिवाळीच्या सुमारास आलेल्या एका उताऱ्याची. धोक्याची वस्तु आपल्या जागेंत आणून ठेवली आणि ती निसटून शेजाऱ्याचें नुकसान झालें तर आणणारा जबाबदार, असा नियम इंग्लंडांत १८६८ सालीं उमरावांच्या सभेनें रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या दाव्यांत कायम केला; पण त्यास दैवी आपत्ति, तिऱ्हाइताचें कृत्य इत्यादि अपवाद मानले गेले. पुढें डिसेंबर १९८५ मध्यें दिल्लीच्या एका कारखान्यांतून ओलियम वायु सुटला. भोपाळला तेव्हां पुरतें एकच वर्ष झालें होतें. १९८६ च्या डिसेंबरांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, धोक्याचा धंदा चालविणाऱ्या कारखान्यास ते जुने अपवाद मिळणार नाहींत, जबाबदारी निरपवाद. या उताऱ्यावरचे पांचहि प्रश्न भाचीनें बरोबर सोडविले, आणि पेन्सिल खालीं ठेवून ती आपण होऊन म्हणाली, “मामा, विहिरीच्या प्रश्नांत अपवाद नव्हता म्हणून वाईट वाटलें, आणि इथें अपवाद काढून टाकला म्हणून बरें वाटतें. मग अपवाद असावा कीं नसावा?” आम्ही पुष्कळ वर्षें शिकवीत आहों, पण असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्षाकाठीं एखादाच भेटतो. त्याला या परीक्षेंत मिनिटभराचीहि जागा नाहीं.

या परीक्षेस आम्ही टाकाऊ मानीत नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. हजारों मुलांतून थोडीं निवडावयाचीं तर कांहीं तरी माप हवें, आणि ओळखीपाळखीच्या मापापेक्षां घड्याळाचें माप अधिक निःपक्षपाती. अमेरिकेंत अशी परीक्षा फेब्रुवारी १९४८ पासून आहे आणि तेथेंहि माप बदलत राहतें; कोण कोणाशेजारीं बसेल अशा तऱ्हेचीं तिच्यांतलीं प्रसिद्ध कोडीं ऑगस्ट २०२४ मध्यें काढून टाकलीं गेलीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कायद्याचें काम इतकें संथ चालणाऱ्या देशांत त्याच्या दारावरची परीक्षा इतक्या घाईची असावी यांत थोडी गंमत आहे.

परीक्षा डिसेंबरांतल्या एका रविवारीं दोन ते चार अशी झाली. मेहुणे आदल्या रात्रींच आले होते; त्यांनीं केंद्राच्या बाहेर दोन तास उन्हांत उभे राहून काढले, सांवलींत या म्हटलें तरी आले नाहींत. निकाल लागला तो मधला. महाराष्ट्रांतील तीन राष्ट्रीय विद्यालयांपैकीं एकाचेंहि दार त्या क्रमांकास उघडत नव्हतें. दूरच्या एका नव्या विद्यालयांत जागा मिळण्यासारखी होती, पण तेथील वर्षाचा खर्च दोन लाखांच्या वर. मेहुणे म्हणाले, जमीन विकतों. मग त्यांनाच आठवलें कीं विकण्यासारखी जी जमीन होती तीच दाव्यांत आहे आणि तिच्यावर ‘जैसे थे’ चा हुकूम आहे. बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.

राज्याची वेगळी प्रवेशपरीक्षा २०१६ पासून आहे. तिच्यांत चुकल्यास गुण वजा होत नाहींत आणि प्रश्न मराठींतहि मिळतात. भाचीनें ती उन्हाळ्यांत दिली, आणि पुण्याच्या एका जुन्या लॉ कॉलेजांत तिला परवडेल अशा खर्चांत प्रवेश मिळाला. हें कॉलेज तिचें दुसरें स्थळ आहे हें ती लपवीत नाहीं. पहिल्या वर्षाला करार आणि अपकृत्य हे विषय आहेत; अतिक्रमणाचें प्रकरण आलें त्या दिवशीं तिनें प्राध्यापकांस विहिरीचा प्रश्न विचारला आणि तास संपेपर्यंत वर्गांत दुसरें कांहीं झालें नाहीं, असें तिच्या मैत्रिणीकडून समजलें.

गेल्या महिन्यांत दाव्याची तारीख होती. ती सुटी काढून बापाबरोबर गेली, आणि या खेपेस लिंबाखालीं न बसतां आंत गेली. दहा वर्षांचा रोजनामा तिनें मागून घेऊन पानापानानें वाचला. बांधाची मोजणी करण्याचा अर्ज चार वर्षांपूर्वीं मंजूर होऊनहि मोजणीची फी भरली गेली नव्हती, हें तिच्या ध्यानांत आलें. वकिलांनीं चष्मा काढून तिच्याकडे पाहिलें. फी आतां भरली आहे. मोजणी दिवाळीनंतर होईल असें म्हणतात. पुढची तारीख त्यानंतरची आहे.