दगडीपाला, केळीचे पान आणि माझी एक चूक

भातकापणीचे दिवस होते. मी तेव्हा सातवीत असेन. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीने कापणी करीत होती. मूठ धरून विळा ओढताना तो तिच्या डाव्या हाताच्या करंगळीवर बसला. रक्ताची धार लागली. मी रडू लागलो. आई मात्र शांतपणे बांधावर गेली, दगडीपाल्याची चार-सहा पाने खुडली, तळहातावर चोळली, रस जखमेवर पिळला आणि लुगड्याची चिंधी करकचून बांधली. "रडतोस काय? पेंढ्या बांध," असे म्हणून ती पुन्हा ओळीला लागली. आठ-दहा दिवसांत बोट बरे झाले.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक समज पक्का बसला, की घरचे औषध ते घरचे औषध. त्यापुढे दवाखाना कशाला? या समजाची किंमत पुढे मोजावी लागली. ती मी नव्हे, माझ्या भाचीने मोजली.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शहापूरला पतसंस्थेत कारकून आहे. दिवाळीच्या सुट्टीत ताईच्या गावी गेलो होतो, आईही तिथेच होती. चुलीवरून पेजेचे पातेले उतरवताना ते कलंडले आणि चार वर्षांच्या पोरीचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. एकच गलका झाला. कोणी म्हणे शाई लावा, कोणी म्हणे टूथपेस्ट लावा. आई ओरडून सांगत होती, "अरे, आधी पाणी ओता!" पण मी पडलो बी.कॉम. झालेला, सभांतून बोलणारा शहाणा मामा. मी हळदीचा डबा काढला, तेलात हळद कालवली आणि पोरीच्या हातावर जाडसर लेप दिला. मोठे काम केल्याचे समाधानही मानले.

तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. लेपाखालून घाण वास येऊ लागला. रुग्णालयात नेले तेव्हा तो वाळलेला लेप भिजवून, खरवडून काढावा लागला. तिची किंकाळी आजही माझ्या कानात आहे. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, हळद वाईट नाही हो. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिच्यात भेसळही असू शकते. आणि भाजलेल्या कातडीला आधी गारवा हवा असतो. तुम्ही आतली आग आतच कोंडलीत."

हात बरा झाला, पण वण राहिला. पोरगी आता शाळेत उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा झगा मागते.

वाचक बंधू-भगिनींनो, या चुकीने मला वाचायला लावले. वाचता वाचता कळले, की चूक झाडपाल्याची नव्हती. कोणती वस्तू, कोणत्या जखमेला, किती स्वच्छ करून लावायची, हे न विचारण्याची ती चूक होती.

पूर्वी जखम उघडी ठेवावी, वाळू द्यावी, असे सगळेच मानीत. 1962 साली जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने डुकराच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले, की ओलसर आणि झाकलेली जखम वाळलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. नवी कातडी ओलाव्यावरून सरकत येते. खपलीखाली तिला वाट शोधावी लागते. म्हणून जखमेवरचे आवरण असे हवे, की ओल टिकेल, पण कापड मांसाला चिकटणार नाही.

असे आवरण आपल्याच मुंबईतल्या डॉक्टरांनी गरिबाच्या स्वयंपाकघरात शोधले. परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या. साली कापडी पट्टीवर चिकटवायच्या, पट्टी निर्जंतुक करायची आणि जखमेवर बांधायची. 1985 साली त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. पान मोठे, गुळगुळीत, मेणचट, त्यामुळे जखमेला चिकटत नाही आणि पट्टी सोडताना रुग्ण कळवळत नाही. व्हॅसलिन लावलेल्या जाळीच्या पट्टीशी आणि बटाट्याच्या सालीशी तुलना करून त्यांनी 2003 साली निष्कर्ष छापले. पान तर सर्वात स्वस्त. ज्या पानावर आपण पंगतीला जेवतो, तेच पान! मात्र ध्यानात ठेवा, ते परसातून तोडून सरळ जखमेवर ठेवलेले नव्हते. दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरलेले होते.

आज जगभर याच वाटेने काम चालू आहे. कोळंबी आणि खेकड्याच्या टाकाऊ कवचापासून कायटोसॅन नावाचा पदार्थ काढतात. तो रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांत वापरतात. समुद्री शेवाळापासून बनवलेल्या पट्ट्या जखमेतला पाझर शोषून घेतात. अशा पदार्थांत हळदीतले कर्क्युमिनसारखे वनस्पतीतले गुणकारी द्रव्य मोजून मिसळण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत चालू आहेत. त्यात मला 'मोजून' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. माझ्या लेपात तोच नव्हता.

हळदीची आणखी एक गोष्ट आहे. मार्च 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आले. आपल्या आजीच्या डब्यातली हळद परक्याच्या मालकीची! वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, तिचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळात, त्याला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि 1953 सालचा एक वैद्यकीय लेख पुरावा म्हणून मांडला. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट रद्द झाले. कारकून म्हणून मला यातून एकच धडा दिसला: कागद होता, म्हणून हक्क टिकला.

मग माझ्या आईच्या दगडीपाल्याचा कागद कुठे आहे? ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे आली ती अलीकडच्या काही शतकांत. म्हणजे तिचा गुण जुन्या पोथ्यांतून आलेला नाही. बांधावर, विळ्याने बोट कापलेल्या कष्टकरी माणसांनी, आयाबायांनी, कातकरी-ठाकरांनी तो वापरून पाहून शोधला. पुढे प्रयोगशाळेत उंदरांवरही जखमा भरण्यासाठी तो तपासला गेला. ग्रंथातल्या ज्ञानाची यादी सरकारने 2001 पासून करायला घेतली. पण ज्यांच्या हाती ग्रंथ नव्हते, त्यांच्या ज्ञानाचे काय?

त्यासाठी 2002 चा जैवविविधता कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामसभेत उभे राहून ती नोंदवही मागा. वाचून दाखवायला सांगा. आपल्या वाड्यावस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची माहिती तीत नसेल तर, त्यांची संमती घेऊन, त्यांच्या नावानिशी लिहायला लावा.

आणि घरोघरी एवढे पाळा. भाजले तर ताबडतोब भाजलेल्या जागेवर नळाचे किंवा हंड्याचे थंड स्वच्छ पाणी वीस मिनिटे सोडा, बर्फ नको. बांगडी, अंगठी सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका. कापले तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, रक्त थांबले की जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. शेतातल्या मातीत, शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. तेव्हा पाला बांधून आईची जखम भरली, हे तिचे नशीबही होते. मूल भाजले असेल, चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, मधुमेही माणसाच्या पायाला जखम झाली असेल, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

गेल्या पावसाळ्यात मी वही घेऊन आईसमोर बसलो. ती पाल्यांची नावे सांगत होती, पण मला झाडे ओळखता येईनात. शेवटी भाचीनेच वही ओढून घेतली. बाही वर सारून, त्याच उजव्या हाताने ती लिहीत गेली: नाव, जागा, कशासाठी, किती. अकरा नावे झाली. मग तिने विचारले, "आजी, भाजल्यावर कोणता पाला?"

आई म्हणाली, "पाला नाही गं. पाणी. लिही, पाणी."

तिने ते लिहून घेतले आणि पुढे स्वतःहून जोडले, "वीस मिनिटे."