कुऱ्हाडीला नकोशी गाठ

सरपणाच्या वखारीत लाकूड फाडणाऱ्याच्या हाती गाठ आली की तो आधी एक शिवी हासडतो आणि मग ती बाजूला भिरकावतो. त्याचं चुकत नाही. सरळ ओंडक्यात पाचर ठोकली की तो रेषेत दुभंगतो. गाठीला धड रेषाच नसते. कुऱ्हाड रुतून बसते, पाचर उडते आणि मजुरीचा वेळ फुकट जातो. म्हणून वखारीच्या मागच्या अंगाला अशा गाठी पडून राहतात, पावसात भिजतात, शेवटी वाळवीच्या पोटात जातात. माझ्या धंद्याचा कच्चा माल तो हाच. मी लाकडाची पेनं बनवतो, लेथवर, एकेक.

मूळचा मी लोखंडाचा माणूस. माझं काकती हे बेळगावच्या उत्तरेला, पुणे-बंगळूर महामार्गालगतचं गाव. बाहेरच्यांना ते कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर म्हणून ठाऊक असतं. आम्हाला मात्र रोज दिसतात ती पाळीला निघालेली माणसं. जवळच होनग्याची औद्योगिक वसाहत, यमनापूरला ॲल्युमिनियमचा कारखाना आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला उद्यमबाग. तिथे गल्लोगल्ली लेथ फिरत असतात. तिथे शिकलेला माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतो. लाकडाला ही भाषा कळत नाही. मार्चमध्ये चपखल बसलेलं टोपण बेळगावच्या जुलैत फिरता फिरत नाही. लोखंड सोडून लाकडाकडे वळलेल्या प्रत्येकाला हे पचवायला वेळ लागतो.

लाकूड कातणं आमच्या भागाला नवं नाही. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे खांब कातून देणारे कातारी गावोगावच्या बाजारात असत. खेळण्यांसाठी नावाजलेलं गोकाक आमच्याच जिल्ह्यात आणि घाट उतरलं की सावंतवाडी. मिरजेचे सतारमेकरही फार लांब नाहीत. या सगळ्यांना लाकूड हवं ते निकोप. सतारीच्या दांडीला गाठ असली तर ती दांडी बाद. मी त्यांच्याकडे गेलो की त्यांनी बाद केलेलंच आधी बघतो.

गाठ म्हणजे कुठली, ते सांगायला हवं. फळीत दिसतो तो गोल काळा डोळा म्हणजे खोडात गाडला गेलेला फांदीचा बुडखा. त्याचा मला उपयोग नाही. उलट तो सुकला की टपकन निसटतो. मला हवी असते ती गाठ खोडाच्या बाहेर, सालीखाली, आवाळूसारखी फुगून येते. पेन कातणारे जगभर तिला बर्ल म्हणतात. झाडाला इजा होते, बुरशी लागते, किडे पोखरतात, कधी काहीच कारण सापडत नाही, आणि त्या जागी सुप्त डोळे भसाभस वाढू लागतात. त्यातल्या बहुतेकांची फांदी होतच नाही. वाढ मात्र चालू राहते, दर वर्षी नवं लाकूड त्यांना वळसा घालत जातं आणि रेषा दाही दिशांना पिळवटतात. कुऱ्हाड हरते ती या पिळवटलेल्या रेषांपुढे. कापलेल्या पृष्ठभागावर बारीक ठिपके, भोवरे आणि ढगाळ नक्षी दिसते तीही त्यांच्यामुळेच.

आमच्याकडे या गाठी जास्त मिळतात त्या चिंचेच्या आणि कडुनिंबाच्या. वडाची गाठ आकाराने डोळे दिपवते, पण लाकूड पोचट, पेनाला नको. बाभळीची गाठ दगडासारखी लागते, पटाशीची धार बघता बघता जाते, पण तांबूस रंग असा की धार लावायचा कंटाळा येत नाही. शिसवाची गाठ मिळाली तर दिवाळीच, मात्र तिची पूड नाकात गेली की शिंका आणि अंगावर आली की खाज. एकंदरीतच लाकडाची बारीक धूळ कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गोष्टींत मोडते. फडकं बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो. हे मी शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो आणि पहिल्याच दिवशी ती विसरतात.

माझी सगळ्यांत लाडकी चिंच. जुन्या चिंचेचा गाभा जांभळट काळा, त्याच्या बाहेरचं लाकूड फिकट पिवळं. गाठीत हे दोन्ही एकमेकांत घुसलेले असतात. त्या पिवळ्या भागाला भुंगा फार लवकर लागतो, म्हणून तुकडे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवावे लागतात. आमच्या गावालगतचा महामार्ग आधी चौपदरी झाला, आता सहापदरी होतो आहे. दर खेपेला कडेची जुनी झाडं गेली. त्यांचे बुंधे लिलावात जातात, सरळ भाग सॉ मिलवाला घेतो, फांद्या वीटभट्टीला. गाठी कोणी मागत नाही. वादळात पडलेली झाडं, स्मशानाला लाकूड पुरवणाऱ्यांची वखार, पाडलेल्या गोठ्याचे खांब, अशीच माझी फिरती. “काय करतासा हे घेऊन? न्या की, तेवढीच जागा मोकळी,” असं म्हणून वखारीतले मामा गाठ गाडीत टाकूनही देतात. हल्ली त्यांनाही थोडे पैसे देतो. फुकटच्या मालाची माणूस कदर करत नाही, देणाराही नाही आणि घेणाराही नाही.

कागदपत्रांचं मात्र फुकटात भागत नाही. कर्नाटकात 1976 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. स्वतःच्या परसातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सुरू, नारळ, निलगिरी अशा काही जातींना सूट आहे. सागवान, शिसव असं लाकूड हलवायचं तर पास हवा, आणि आमच्यासारख्यांना हे जास्त जाचतं, कारण कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्यच बदलतं. नातेवाइकाच्या शेतातला ओंडका निपाणीहून कागलला नेणं म्हणजे लाकूड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं. चंदनाच्या तर वाटेलाच जात नाही, कोणी घरपोच आणून दिलं तरी. शिसवाच्या सगळ्या भाऊबंदांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2017 पासून नियंत्रणाखाली आला आहे, त्यामुळे परदेशातून मागणी आली की आधी नियम वाचतो, मग पेन करायला घेतो.

आणि उभ्या झाडाची गाठ मी कापत नाही, कोणी कापून आणली तर घेतही नाही. गाठ हा झाडाचा जिवंत भाग आहे. ती तासून काढली की खोडाला परातीएवढी जखम होते, तिथून बुरशी आणि वाळवी आत शिरते. कॅलिफोर्नियात रेडवूडच्या जंगलात चोरटे रात्री करवती घेऊन शिरू लागले, शेकडो वर्षांच्या झाडांच्या गाठी कापून नेऊ लागले. शेवटी 2014 मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानातला एक रस्ता रात्रीचा बंद ठेवावा लागला. रेडवूडच्या बुंध्याच्या गाठीतून नवीन कोंब फुटतात, म्हणजे चोर पुढची पिढीही घेऊन जात होते. आपल्याकडे अजून भाव कोणाला माहीत नाही, म्हणून गाठी सुरक्षित आहेत. लेख लिहिताना ही धास्ती मनात आहेच.

ओली गाठ आणली की कापलेल्या तोंडांवर लगेच मेण लावायचं, नाहीतर कडा आधी सुकतात आणि चिरा आत धावतात. मोठी गाठ तशीच सावलीत पडू देतो. छोटे तुकडे उकळतो. ही युक्ती माझी नाही. तंबाखूच्या पाइपचं भांडं ज्या ब्रायरचं बनतं तीही भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठच, आणि ती तासन् तास उकळून मगच सुकवतात. निपाणीच्या तंबाखूत आयुष्य काढलेल्या माणसालाही हे सांगितलं की नवल वाटतं. आपल्या तंबाखूची विडी झाली, पाइपशी आपला संबंध आला नाही. सुकलं की नाही ते हाताला कळत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून खडूने तुकड्यावर लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की तुकडा तयार.

पुढचं काम ऐकायला सोपं. साधारण 20 मिलिमीटर चौकोनी, 125 मिलिमीटर लांब तुकडा कापायचा, मधोमध भोक पाडायचं, त्यात पितळेची नळी चिकटवायची आणि लेथवर चढवून कातायचं. भोक पाडताना ड्रिल सारखं बाहेर काढून भुसा झटकावा लागतो; गरम झालं की गाठ आतून तडकते, आणि ते बाहेरून दिसत नाही. फिकट लाकडातून पितळ चमकू नये म्हणून नळी आधी काळ्या रंगाने रंगवतो. कातायला लागलं की सुरुवातीला नुसतं खडबडीत पिवळं लाकूड. मग एका क्षणी पटाशीखाली काळा डोळा उघडतो, त्याच्या शेजारी दुसरा. इथे हात थांबवणं हीच कला आहे. अजून अर्धा मिलिमीटर आत गेलं तर नक्षी आणखी चांगली निघेल असं वाटतं, आणि नळीवर उरलेलं असतं जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर लाकूड. सालीचा तुकडा आत अडकलेला असेल तर तिथे खड्डा पडतो. तो मी पितळेच्या किसाने भरतो. किल्ल्या करून देणाऱ्याच्या मशीनखाली हा कीस पडलेला असतो. एक चहा पाजला की पुडीभर देतो. वरून पातळ गोंद, तो वाळला की पॉलिशपेपर, आणि खड्ड्याच्या जागी सोनेरी शीर उमटते.

“पूर्ण लाकडाचं आहे ना?” गिऱ्हाईक हमखास विचारतं. नाही. लाकूड शाई पितं, फुगतं, चिरतं. राजमुंद्रीच्या रत्नम यांनी 1930 च्या दशकात स्वदेशी शाईपेन बनवलं, ते गांधीजींपर्यंत पोचलं. ते एबोनाइटचं होतं, म्हणजे कडक रबराचं, आणि शाईला त्याचं काही वावडं नाही. लाकडाच्या शाईपेनाला आतून नळी किंवा रेझिनचा थर द्यावाच लागतो. भुसभुशीत गाठ तर निर्वात भांड्यात रेझिन पाजून, भट्टीत कडक करून घ्यावी लागते. एवढ्यापर्यंत रेझिन मला मान्य आहे. हल्ली निळ्या-जांभळ्या चमकदार रेझिनमध्ये लाकडाची एक ढलपी बुडवून त्याला लाकडाचं पेन म्हणतात. खपतं भरपूर. मी करत नाही.

तुमच्या शेतात, परसात एखादं झाड पडलं, रीतसर परवानगीने तोडावं लागलं, तर सरपणवाल्याला हाक मारण्याआधी बुंध्याभोवती एक फेरी मारा. फुगीर गाठ दिसली तर ती दोन्ही बाजूंना वीतभर लाकूड ठेवून कापून घ्या, फाडू नका. कापलेल्या तोंडांना मेण नसेल तर उरलेला ऑइल पेंट फासा, त्यावर झाडाचं नाव आणि तारीख लिहा, आणि जमिनीला टेकणार नाही अशी सावलीत, विटांवर ठेवा. मग जवळच्या कातकाम करणाऱ्याला कळवा. वर्षभराने आला तरी चालेल.