पाल नव्हे, न्यूट

अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटमध्ये परवा भिंतीवर पाल दिसली आणि लेकीने जाहीर केलं, "आई, तुझा न्यूट!" चूक माझीच. पीएचडीच्या वेळचे दार्जिलिंगचे फोटो मी तिला झोपताना दाखवत असते. पुण्यात माझी आईही त्याला 'तुझी ती पाल' म्हणते. तिला तरी काय बोलणार? न्यूट आपल्या सह्याद्रीत नाहीच. भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत.

दार्जिलिंगचा न्यूट जेमतेम वीतभर, गडद तपकिरी. पाठीच्या दोन्ही बाजूंना गाठींची एकेक ओळ, डोक्यावर हाडांचे उंचवटे, शेपटी वल्ह्यासारखी चपटी. पालीसारखे खवले नाहीत, नखं नाहीत. तो बेडकाच्या गोतातला, अंग ओलं राहिलं तरच जगणारा. पावसाळ्यात तळ्यात उतरतो, मादी पाण्यातल्या आणि काठच्या गवताला अंडी चिकटवते. पाऊस सरला की ओंडक्यांखाली, दगडांखाली. थंडी तिथेच काढायची. म्हणजे नुसतं पाणी राखून भागत नाही, काठ आणि वरचं रानही हवं. 1985 मध्ये जोरपोखरीला त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तेही अवघं 4 हेक्टरचं.

मी काम करायचे ते तळं अभयारण्याबाहेरचं, चहामळ्याच्या खालचं. दोन पावसाळे तिथे जळवा उपटत काढले. तिसऱ्या वर्षी गेले तर चहूबाजूंनी सिमेंटचा काठ, वर रंगवलेले बाक. पाणी होतं तेवढंच होतं. आदल्या वर्षी मोजताना वहीची पानं भरायची, त्या वर्षी एक पानही भरलं नाही.

1871 मध्ये अँडरसनने युनानमधल्या न्यूटला टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस नाव दिलं. दार्जिलिंगचाही तोच, असं मानत आले. 2015 मध्ये हिमालयातला वेगळा ठरला: टायलोटोट्रायटन हिमालयानस. माझी सगळी लेबलं बदलावी लागली. मित्रांनी अभिनंदन केलं, पण मला धसकाच बसला. म्हणजे युनानपर्यंत पसरलेला वाटत होता तो प्राणी फक्त या एवढ्याशा डोंगरपट्ट्यातला.

इथे बाहेर पंचेचाळीस डिग्री. पालीला खराट्याने बाल्कनीत काढलं. लेक अजून फोटोतल्या सिमेंटच्या काठाकडे बघत होती.

"आई, मग ती आता अंडी कुठे चिकटवते?"