पाळी जाताना

२००७ साली मी सत्तेचाळीस वर्षांची होते. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. सकाळची थंडी अशी की बाया स्वेटर घालून पातीला लागायच्या. मी मात्र थोडं वेचलं की धुऱ्यावर बसून पदरानं वारा घ्यायची. छातीतून उकळी उठायची, कानशिलं तापायची आणि दोन मिनिटांत पोलकं ओलंचिंब. सोबतची म्हणे, "बाई, तुमाले ताप तं नाही न?"

रात्री झोप नाही. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, आली की दहा दिवस जायची नाही. एकदा भाजीत मीठ कमी आहे असं हे म्हणाले, तर मी त्यांच्या पुढचं ताटच उचलून नेलं. नंतर चुलीपुढं बसून रडले. सासूबाई म्हणायच्या, "विटाळ गेला की बाई सुटते." पण सुटेपर्यंत काय होते, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तालुक्याला एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथं धड तपासलंही नाही. "लेकरं झाली न? मग पिशवी काढून टाका. नाही तर पुढं कॅन्सर होईल." मी घाबरले. हे म्हणाले, "कापूस विकला की करून टाकू."

पण मला माझी जाऊ आठवली. तिची पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली होती. तेव्हापासून तिच्या अंगातून वाफा निघायच्या, कंबर धरायची, निंदायला बसणंही होत नव्हतं. माझ्या लेकीनं तिचे जुने कागद वाचले, तेव्हा कळलं की पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली होती. जावेला ते कोणी सांगितलंच नव्हतं. लेक म्हणाली, "आई, आधी सेवाग्रामले दाखव."

सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. पिशवी चांगली होती. रक्त मात्र आठच होतं. डॉक्टरबाईनं विचारलं, "तुम्ही जेवता केव्हा?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"काय उरते तेव्हा?"

मी गप्प. लेकच बोलली, "भाकर अन् रस्सा. दूध तं चहापुरतंच."

मी म्हटलं, "मॅडम, दिवसभर शेतात राबते, अजून काय करू?" त्या म्हणाल्या, "राबणं वेगळं अन् जपणं वेगळं. दिवसभर वाकता, तर संध्याकाळी थोडं सरळ चाला. दुपारी अर्धा तास आडव्या व्हा." रक्तवाढीची गोळी चहासोबत घ्यायची नाही, हेही सांगितलं. आणि बजावलं, "बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर लाल डाग जरी दिसला तरी घरी बसू नका, इथं या."

घरी आल्यावर मी माझं ताट सगळ्यांसोबत वाढून घेतलं. पहिल्या दिवशी सासूबाई बघतच राहिल्या. जवसाची नि तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, रोज वाटीभर दही. रात्रीचा चहा बंद केला, सुती पोलकी शिवून घेतली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. तंबाखूची चिमूट सोडायला मात्र वर्ष लागलं. वाफा लगेच गेल्या नाहीत, तीनेक वर्षं येत राहिल्या. पण झोप लागू लागली. रक्तही वाढलं. पन्नाशीला पाळी गेली, आपल्या पावलानं.

२०१९ साली पेपरात बीडची बातमी वाचली. ऊसतोड बायांच्या पिशव्या काढलेल्या, कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं. पाळीपायी खाडा झाला की मुकादम दंड लावतो, ही भीती. शासनानं चौकशी समिती नेमली. पेपर मांडीवर ठेवून मी बराच वेळ बसले होते. मला नेऊन दाखवणारी लेक होती, बसभाड्याचे पैसे होते. त्या बायांना कोणी विचारलं असेल का, की तुम्ही जेवता केव्हा?

आता वेचणीला एखादी बाई थंडीत पदरानं वारा घेताना दिसली की मी तिच्याजवळ जाऊन बसते. आधी पाणी देते. मग विचारते, "सकाळी काय खाल्लं व माय?" बहुतेकींचं उत्तर एकच असते, "चहा." मग मी डबा उघडते.