मांजर, बिलाडी

उन्हाळ्यात टोरांटो आणि वडोदरा यांच्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकतं, आणि पूर्वेकडे येताना तर कुरकुरत सरकतं. बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं. दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडता घेणं जड जातं. त्यामुळे परतल्यावर नऊ-दहा दिवस माणूस घरी असतो आणि नसतोही. रात्री तीनला टक्क जाग, दुपारी चारला डोळ्यांवर झापड. लोक म्हणतात, हे दिवस कसेबसे ढकलायचे, मग बसते घडी. मला मात्र हे दिवस मोलाचे वाटतात.

याचं कारण माझ्या कामात आहे. मी गुजरातीतून मराठीत अनुवाद करते. पहिला खर्डा झाला की तो महिनाभर कपाटात ठेवते. रोज डोळ्यांखालून जाणारं वाक्य हळूहळू दिसेनासं होतं. आपण कागदावरचं सोडून मनातलंच वाचत राहतो. महिन्याने बाड बाहेर काढलं की पहिल्या दोन-तीन बैठकांत अडखळणारी प्रत्येक जागा अडखळते. चौथ्या बैठकीपासून पुन्हा सवय होते. म्हणून त्या पहिल्या बैठकांत पेन्सिल हातात असलेली बरी.

यंदा बहिणीकडे सात आठवडे राहिले. एवढी लांब सुट्टी मी कधी घेतली नव्हती. जूनमध्ये तिथे रात्री नऊला सूर्य मावळतो. जेवणं उरकून आम्ही दोघी तळ्याकाठी चालायला जायचो. तळं कसलं, ओंटारिओ सरोवराचा पलीकडचा काठ दिसतही नाही. आईची काळजी नव्हती. इंदूरहून मावशी तिच्या सोबतीला येऊन राहिली होती. रोज व्हिडिओवर बोलणं व्हायचं: जेवलात का, पाऊस आला का, गोळ्या घेतल्यास का. या प्रश्नांना होय-नाही पुरतं.

परतले तेव्हा पावसाळा लागला होता. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची दारं फुगून चौकटीत अडकत होती. पुस्तकांच्या कपाटाला ओलसर वास होता. झोपाळ्याच्या कड्या इतक्या करकरतात हे मला पहिल्यांदाच ऐकू आलं. पहाटे तीनला उठून मी घर परक्याच्या मजकुरासारखं वाचत बसे. मग सहाला आई उठायची, चहा ठेवायची, आणि मी तिलाही तसंच ऐकू लागले.

"ते दे गं," ती म्हणायची. "ते... ते वरचं." गाळणं हवं असायचं. "तो आला नाही अजून. तो... सकाळचा." म्हणजे दूधवाला. मावशी इंदूरला परतायच्या आदल्या रात्री मला गॅलरीत घेऊन गेली. "अगं, ताईला शब्द सापडत नाहीत. तुझ्या कानावर आलंय ना?" आलं होतं, चारच दिवसांपूर्वी.

एका घरात राहणारी माणसं एकमेकांची वाक्यं पूर्ण करतात. आईचा हात फळीकडे वळला की गाळणं तिच्या हातात असतं. शब्दाची गरजच पडत नाही. त्याला आपण घडी म्हणतो, आणि ती बसते याचा आपल्याला आनंद असतो. सात आठवडे ती घडी मोडली, म्हणून आत काय आहे ते दिसलं.

आमच्याकडे शब्दांचा हिशेब जुना आहे. गायकवाडांच्या काळात जी मराठी कुटुंबं बडोद्यात स्थिरावली त्यांतलं आमचं एक. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि शाळामास्तरकी आमच्या घरात आली ती आईपर्यंत टिकली. मराठी माध्यमाच्या शाळेत तिने तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. तिचा नियम असा: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर गुजराती. लहानपणी मी जेवताना एखादा गुजराती शब्द वापरला तर ती तो ऐकलाच नाही असं दाखवायची. मी पुढे अनुवादाकडे वळले त्यात त्या उंबऱ्याचा वाटा मोठा आहे.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी प्रेमाने विचारलं, "बा, एक मिनिटमां जेटलां प्राणी याद आवे एटलां बोलो." ही चाचणी जगभर करतात. साठ सेकंदांत किती प्राणी आठवतात यावरून शब्दांच्या कोठारापर्यंतची वाट किती मोकळी आहे याचा अंदाज येतो. आईने शाळेत हजेरी घ्यावी तशी सुरुवात केली. "गाय, म्हैस, बकरी, कुत्रा, मांजर." मग थांबली. पंख्याचा आवाज येत राहिला. "खिसकोली. वांदरो. गधेडो." पुन्हा थांबली. मग एकदम सापडल्यासारखी म्हणाली, "बिलाडी!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मांजर एटले बिलाडी ज ने?"

मी हो म्हटलं. चाचणीच्या दृष्टीने उत्तर तेच. प्राणी एकच, म्हणून गुण एक. पण माझं पोट या दोन शब्दांमधल्या अंतरावर भरतं. गुजरातीतली बिलाडी स्त्रीलिंगी आहे, मराठीतलं मांजर नपुंसकलिंगी. गुजराती कथेतली 'ती' माझ्या मराठीत 'ते' होते, आणि मग पानभर त्या बदलाची किंमत मोजावी लागते. आई त्या मिनिटात एका भाषेतून निघून दुसऱ्या भाषेत पोहोचली होती. पहिल्या घरी शब्द संपले, म्हणून तिने दुसऱ्या घराचं दार ठोठावलं. याला विसरणं म्हणावं की आठवणं?

हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला होता. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, निरक्षर रुग्णांमध्येही. पुढे यावर मतभेदही झाले. मला त्या अभ्यासातून आश्वासन नको होतं. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना मिळून आईची भाषा एकच आहे, एवढं मात्र तो वाचून पटलं.

रक्तात बी १२ बरंच कमी निघालं. त्यानेही असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं लिहून दिली, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. तोवर ना घाबरायचं, ना निश्चिंत व्हायचं.

आता माझी झोप जागेवर आली आहे. कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकूनच जाग येते, दहाला टेबलाशी बसते, झोपाळ्याची करकर पुन्हा ऐकू येत नाही. दहा दिवस संपले. त्या दिवसांत वहीत आईच्या अडलेल्या शब्दांची यादी केली होती, तारखेसकट. त्या यादीवरून एकच बदल घरात केला: तिचा शब्द मी पुरवत नाही. हात पुढे करायची सवय मोडायला वेळ लागतो आहे.

काल संध्याकाळी ती फुलके करत होती. "ते दे." मी ओट्याशी उभी राहिले. "ते... फुलका उचलायचं." फुलका आचेवर टम्म फुगला. तिच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले, वर्गात फळ्याकडे पाठ करून मुलांकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"चिपियो," ती म्हणाली.

मी चिमटा दिला. फुलका एका बाजूने करपला होता. तो मी घेतला.