स्केल कुठाय?

‘ही मुलं मॅनेजमेंटची आहेत की अडत दुकानातली?’ एका परीक्षकांनी हे माइकवर विचारलं आणि सभागृह हसलं. एमबीएच्या केस स्पर्धेत असे टोमणे चालतात. पण अडत दुकान कशावर चालतं हे व्यासपीठावरच्या एकालाही माहीत असेल असं मला अजून वाटत नाही, आणि तेच डाचतंय.

मी कोल्हापुरात उद्योजकता शिकवतो, म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलंय. केस पद्धत हार्वर्डने शंभरेक वर्षांपूर्वी रुजवली, त्यांच्याच मदतीने १९६१ साली उभ्या राहिलेल्या अहमदाबादच्या आयआयएमने ती आपल्याकडे रुळवली, आणि आता गावोगावच्या कॉलेजांत केस स्पर्धा होतात. एखाद्या धंद्याची कहाणी आठ-दहा पानांत, शेवटी प्रश्न : मालकाने आता काय करावं? टीमने उत्तर मांडायचं, परीक्षकांनी ते उसवायचं.

पुण्यातल्या एका संस्थेने दिलेली केस नेमकी आमच्या अंगणातली निघाली. कोल्हापूरचा एक गुऱ्हाळमालक, त्याला स्वतःचा ब्रँड काढून थेट गिऱ्हाइकाला गूळ विकायचाय. पहिली फेरी फाइल पाठवून, अंतिम फेरी समोरासमोर. आमच्या टीममध्ये तीन मुली आणि एक मुलगा. एकीच्या घरी ऊस होता, पण तो कारखान्याला जायचा. काहिलीजवळ उभं राहिलेलं चौघांतलं कुणीच नव्हतं.

चौघंही करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेली. चुलवाणात चिपाडं जळत होती, रसावर आलेली मळी झाऱ्याने काढणं चाललं होतं. गुळव्याने उकळता पाक थेंबभर पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी वळून पाहिली आणि मान हलवली. ना थर्मामीटर, ना घड्याळ. पोरांनी व्हिडिओ काढले. मालक पहिल्या दिवशी फारसं बोलले नाहीत. पुन्हा गेल्यावर मात्र त्यांनी कोऱ्या चहाबरोबर हिशेब सांगितला. हंगामाच्या तोंडाला अडत्याकडून उचल घ्यायची. त्यातून ऊस घ्यायचा, मजुरांना ॲडव्हान्स द्यायचा. बदल्यात गूळ त्याच्याच दुकानात लावायचा. सौद्यात पिवळ्याधमक गुळाला दर मिळतो, म्हणून हायड्रॉस पावडर मारायची. बिनपावडरीचा गूळ बहुधा तपकिरी येतो. शहरातल्या लोकांना तो हवा असतो म्हणे, पण सौद्यात त्याचा दर पडतो.

‘ब्रँड काढतो की,’ मालक म्हणाले, ‘पण दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देणार. तवर मजुरांचा आठवडा कोण भागवणार, तुमचं सर?’

या एका वाक्यावर पोरांनी अख्खी मांडणी बदलली. अडत्याशी वाकडं घ्यायचं नाही, कारण तोच या माणसाची बँक. आठवड्याला एकच आदण, म्हणजे काहिलीतला एकच घाणा, बिनपावडरीचं काढायचं, अर्ध्या-एक किलोच्या ढेपा करून शहरातल्या ओळखीच्या दुकानांत रोखीने द्यायच्या. आणि किती पैसे बुडाले की थांबायचं, तो आकडा आधीच लिहून ठेवायचा. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सरस सरस्वती यांनी २००१ साली मांडलेलं एक सूत्र मी वर्गात शिकवतो : मुरलेला उद्योजक किती मिळेल यापेक्षा आपल्याला किती तोटा झेपेल, हे आधी बघतो. पोरांनी ते सूत्र गुऱ्हाळाला लावलं.

अंतिम फेरीच्या सकाळी त्याच परीक्षकांनी उद्‌घाटनाचं भाषण केलं. लिज्जतची गोष्ट सांगितली. १९५९ साल, गिरगावातल्या सात बायका, ८० रुपये उसने, गच्चीवर लाटलेले पापड. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, आमच्या पोरांनीही. दुपारी आमची टीम उभी राहिली. अडत्याच्या उचलीची स्लाइड आली तेव्हा परीक्षकांनी फोन पाहिला. बिनपावडरीच्या आदणाची स्लाइड आली तेव्हा त्यांनी मध्येच थांबवलं. ‘एक आदण? स्केल कुठाय?’ मुलगी म्हणाली, ‘सर, पहिल्या हंगामात स्केल नकोच आहे.’ त्यावर तो अडत दुकानाचा प्रश्न. तिने उत्तर दिलं नाही, पुढची स्लाइड लावली. त्या स्लाइडवर मजुरांच्या आठवड्याच्या पगाराचा तक्ता होता. तो कुणी वाचलाच नाही.

जिंकलेल्या टीमचं ॲप होतं, इन्फ्लुएन्सर होते, दहा मिनिटांत घरपोच गूळ होता आणि पाच वर्षांनी आभाळाला टेकलेला आलेख. पहिल्याच स्लाइडवर सोनेरी, पिवळाजर्द गूळ आणि त्याखाली ‘शंभर टक्के केमिकल-फ्री’. आमची चौघं एकमेकांकडे बघून हसली. परीक्षकांत कुणाच्याही कपाळावर आठी पडली नाही.

माझं म्हणणं आहे की गुणपत्रिकेत एक रकाना हवा : तुम्ही कुणाशी बोललात आणि त्यामुळे काय बदललं? परीक्षकांच्या बाकावर ज्याचा धंदा आहे असा एक तरी माणूस हवा. सल्लागार पुष्कळ झाले. आणि ‘हे करू नका’ हेही उत्तर म्हणून धरलं जावं. उत्तर छापील असेल तर उद्योजकता कसली? ती वक्तृत्व स्पर्धाच.

पण दुसरी बाजू मला गप्प बसू देत नाही. आदल्या वर्षी हेच काम मी अंतर्गत गुणांसाठी दिलं होतं : एका स्थानिक उद्योगाला भेट द्या, अहवाल लिहा. आले ते इंटरनेटवरून उचललेले अहवाल. बक्षिसाची रक्कम आणि पुण्याची वारी नसती, तर ही चौघंही गुऱ्हाळावर गेली नसती. शिवाय परीक्षकांचा प्रश्न उर्मट असला तरी वावगा नव्हता. लिज्जत सात बायकांवर थांबलं नाही, हजारो घरांत पोचलं. दुसऱ्या हंगामाचं काय, याचं उत्तर आमच्या फाइलमध्ये नव्हतं. तरीही हसायचं कारण नव्हतं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

सहभागाची चार प्रमाणपत्रं नॅकच्या फाइलला लागली आणि कॉलेज खूश झालं. यंदाचं पत्रक आलंय. टीमचा पुण्याचा प्रवासखर्च प्राचार्यांनी मंजूर केला. मी गुऱ्हाळांपर्यंतच्या पेट्रोलचेही पैसे मागितले, कारण खरा अभ्यास तिथेच होतो. त्यावर ‘बघू’ म्हणालेत.