चाळीस दिवसांचे सोवळे

पवित्र व्हावे असे मला वर्षातून एकदाच वाटते, पण फार जोरात वाटते. भस्मबुधवार जवळ आला की ही कळ सुरू होते. आयुष्यभर मी मार्च महिन्यात दोन हिशेब बरोबरीने केले : एक इन्कमटॅक्सचा आणि दुसरा आत्म्याचा. पहिल्यात निदान वजावट तरी मिळते.

तशी वजावट दुसऱ्यातही आहे म्हणा. भस्मबुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात 46. पण रविवार हा आनंदाचा दिवस, म्हणून सहा रविवार वगळायचे आणि उपवासाचे दिवस 40 धरायचे, अशी जुनी रीत आहे. ही वजाबाकी ज्या कोणी केली तो माझ्यासारखाच चहाबाज असला पाहिजे.

गेल्या वर्षी पाळकसाहेबांनी उपदेशाला पेत्राचे पहिले पत्र घेतले. देव पवित्र आहे, तेव्हा त्याच्या माणसांनीही सगळ्या वागणुकीत पवित्र असायला हवे, असा मुद्दा होता. यातला 'सगळ्या' हा शब्द मी नेहमीप्रमाणे ऐकला नाही. मी घरी येताना यादी करत होतो. चहा बंद. क्रिकेट बंद. व्हॉट्सॲप बंद.

"आणि चिडणं?" आमच्या मंडळींनी विचारले.

इथे एक खुलासा करतो. आम्हां ख्रिस्ती माणसांना दोन मंडळी असतात. एक देवळातली, दुसरी घरातली. पहिलीपुढे रविवारी दीड तास पवित्र दिसले की भागते. दुसरीपुढे ते जमत नाही, कारण तिने आपल्याला बनियनवर पाहिलेले असते.

"चिडणं यादीत बसत नाही," मी म्हणालो. "ती काही वस्तू नाही."

पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी डोके दुखू लागले. तिसऱ्या दिवशी मला जगातली पापे स्पष्ट दिसू लागली, आणि ती सगळी दुसऱ्यांची होती. दूधवाला पाणी घालतो, सोसायटीचा सेक्रेटरी खोटी बिले लावतो, मागच्या बाकावरची माणसे प्रार्थना चालू असताना घड्याळ पाहतात. (हे मला दिसले, कारण मीही डोळे उघडेच ठेवले होते.) चहा सुटल्यावर माणसाला अंतर्ज्ञान होते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

रविवारी मात्र मी सहा कप चहा घेई. मंडळी निमूटपणे आधण टाकत. पाचव्या कपाला एकदाच म्हणाल्या, "अहो, उपास तुमचा आणि जागरण माझं."

त्याच सुमारास शेजारच्या जोशीकाकू सत्यनारायणाचे बोलावणे करायला आल्या. चहाला नाही म्हटल्यावर त्यांनी कौतुकाने विचारले, "तुमच्यातही सोवळं असतं वाटतं?"

मी हसलो, पण तो शब्द खड्यासारखा दाताखाली आला. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे जे वर्णन केले आहे, ते वाचून मी पोट धरधरून हसलेला माणूस. रेव्हरंड टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, बाईंचा बाप्तिस्मा व्हायला 1900 साल उजाडले. मधल्या वर्षांत त्यांचे स्वतःचे सोवळे एकेक पदर करत कसे सुटले, तेही त्यांनी लपवलेले नाही. इतक्या कष्टाने त्यांनी जे सोडले, ते मी सव्वाशे वर्षांनी चहाच्या कपाला गुंडाळून परत घरात आणले होते की काय? त्याच पुस्तकात टिळकांचा रागही आहे. एवढा मोठा कवी, एवढा भक्त, आणि घरात भडका उडायला काडी पुरायची. बायकोने हे सगळे लिहून ठेवले आणि तरीही आपण टिळकांपुढे हात जोडतो. आमच्या मंडळींना लिहिण्याची आवड नाही, हा माझ्यावर देवाचा मोठाच उपकार आहे.

पण मी हटलो नाही. पाचव्या शतकात सीरियात सिमियोन नावाचा एक साधू होऊन गेला. लोकांचा उपद्रव नको म्हणून तो एका खांबावर जाऊन राहिला आणि तीसपेक्षा जास्त वर्षे खाली उतरला नाही. परिणाम असा झाला की खांबावरचा माणूस पाहायला दुप्पट लोक येऊ लागले, आणि सल्ला विचारायला शिड्या लागल्या. मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून त्याचा विचार करी. माझ्याकडे कोणीच येत नव्हते. फोनही वाजत नव्हता. मला वाटले, जग सुटत चालले.

पवित्र आठवड्याच्या गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन होते. ट्रे फिरण्याआधी पाळकसाहेब दरवर्षी सांगतात तेच त्यांनी सांगितले : भावाच्या मनात तुमच्याबद्दल काही असेल तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा. हे मी पन्नास वर्षे ऐकत आलो आहे. ऐकताना मी नेहमी इतरांच्या भावांचा विचार करतो.

माझा भाऊ नगरला असतो. 2024 साली गावाचे नाव अहिल्यानगर झाले; आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे. आमचे वडील तिथल्या देवळात कीर्तनाला पेटी वाजवत. खालच्या सप्तकातला 'ग' दाबला की वर येत नसे, तो ते करंगळीने उचलत. वडील गेल्यावर ती पेटी धाकट्याने ठेवून घेतली. मी थोरला. तीन वर्षे आमचे बोलणे नव्हते. मला पेटी वाजवता येत नाही, पण पेटी न मिळाल्याचे दुःख मी कोणत्याही पट्टीत आळवू शकतो, आणि तीन वर्षे ते मी नातेवाइकांत फिरून आळवले होते.

ट्रे आमच्या बाकापर्यंत आला. पेले लहान असतात, औषधाच्या मापाएवढे. मी हात पुढे केला, आणि का कोण जाणे, ट्रे तसाच मंडळींकडे सरकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, पण तसे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

रात्री मी व्हॉट्सॲप उघडले. नवसाचे तीन दिवस बाकी होते. सहाशेवर निरोप साचलेले. बहुतेक गुलाबाची फुले आणि सुप्रभात. त्यांच्या खाली, उपवासाच्या दुसऱ्या आठवड्यातला, धाकट्याचा : "दादा, पेटी दुरुस्तीला काढलीय. भाता फाटलाय. एकदा येऊन बघ, मग तूच घेऊन जा." चार दिवसांनी नुसते प्रश्नचिन्ह. त्यानंतर काही नाही.

तीन वर्षांत तो पहिल्यांदा बोलला होता, आणि मी तेव्हा पवित्र होण्यात गुंतलो होतो.

सव्वादहा वाजले होते. नगरला त्या वेळी माणसे झोपतात. फोन तीनदा वाजला.

"दादा? कोण गेलं?" तो घाबरून म्हणाला. आमच्या घरात रात्रीचा फोन म्हणजे तेवढाच अर्थ.

"कोणी नाही रे," मी म्हणालो. पुढचे वाक्य मला सुचेना. शेवटी विचारले, "त्या 'ग'चं काय झालं?"

"तो नाही दुरुस्त केला. मीच नको म्हणालो कारागिराला."

शुक्रवारी बारा ते तीनची उपासना होती, म्हणून शनिवारी पहाटेच्या एस.टी.ने गेलो. पेटी खाटेवर ठेवली होती, वर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. दोघेही तिच्याकडे पाहत बसलो. त्याने भाता उघडला, एक सूर धरला, 'ग' अडकला, आणि त्याची करंगळी आपोआप खाली गेली. ती वडिलांचीच करंगळी होती. तेव्हा मी म्हणालो, "राहू दे इथेच. माझ्याकडे तिच्यावर वर्तमानपत्रं साठतील."

तो काही बोलला नाही. भावजय चहा घेऊन आली. शनिवार होता, चाळिसावा दिवस, आणि वगळायच्या दिवसांत शनिवार येत नाही. माझ्या कपावर दाट साय धरली होती.

"साखर कमी झाली का, दादा?" तिने विचारले.

"नाही, बरोबर आहे," मी म्हणालो. "अजून अर्धा कप असेल तर बघ."